मेडिक्लेमची सक्ती करायची, तर आधी कुणावर?

प्रश्न अंबड एमआयडीसीतल्या एका लेथ वर्कशॉपच्या मालकांचा आहे. वय ३४, हाताखाली सात कामगार, घरी बायको, दोन मुलं आणि ६१ वर्षांची आई. आईला शुगर आहे. मध्यंतरी एका कामगाराचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, त्याला चाळीस हजारांची उचल द्यावी लागली आणि ती फिटायला आता वर्ष जाईल. ते विचारतात, "गाडीला विमा नसेल तर पोलीस दंड करतो, मग माणसाला विमा सक्तीचा का नाही? सरकारने कायदाच केला तर सगळे सुटतील ना? माझा भाऊ म्हणतो, आपण धडधाकट असताना दुसऱ्याच्या ऑपरेशनला पैसे का भरायचे. खरं कुणाचं?"

मी नाशिकमध्ये हॉस्पिटलच्या कॅशलेस काउंटरवर, म्हणजे विमा कंपनीकडून बिल थेट मंजूर करून घेतात तिथे, १९ वर्षं बसले. आता नोकरी सोडली आहे. लोकांची अडकलेली क्लेमची प्रकरणं बघते, पॉलिसीचे कागद वाचून देते. पॉलिसी विकत नाही. माझं मत आधीच सांगते. प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून कंपनीची पॉलिसी घेतलीच पाहिजे, असा कायदा आज करू नये. आजारपणाचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलला पाहिजे, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. पण तो पगारातून आणि करातून गोळा व्हावा, आणि कायद्याचा दांडका आधी विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यावर चालावा.

तुमच्या भावाचं म्हणणं आधी घेऊ, कारण तसं म्हणणारे घरोघरी आहेत. भिशी डोळ्यांसमोर आणा. वीस जणी महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात, दर महिन्याला एकीला रक्कम उचलायला मिळते. आता पहिल्याच महिन्यात पैसे हवेत अशाच वीस जणी गोळा झाल्या, तर भिशी उभीच राहणार नाही. विम्याचं असंच आहे. धडधाकट माणूस बाहेर राहिला आणि दुखणेकरीच आत आले, तर हप्ता वाढतो. वाढला की त्यांतला जरा बरा असलेला बाहेर पडतो आणि हप्ता पुन्हा वाढतो. काउंटरवर मला आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न यायचा: "मॅडम, डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितलीय, आज मेडिक्लेम काढला तर चालेल का?" विचारणारा लबाड नसायचा. घाबरलेला असायचा. पण अशाच वेळी आठवण होते म्हणून तर कंपन्या हर्निया, मोतीबिंदू, गुडघ्याचा सांधा बदलणं यांना साधारण दोन वर्षं थांबायला लावतात, आणि आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं. ही तीन वर्षं २०२४ पर्यंत चार होती.

तेव्हा सक्तीमागचा विचार चुकीचा नाही. सगळेच आत आले तर कुणाला थांबवायची गरज उरत नाही. पण हा दोन्ही बाजूंचा सौदा आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येक रहिवाशाला आरोग्य विमा घ्यावाच लागतो. त्याच कायद्यात कंपनीलाही बांधलं आहे: मूळ विमा मागणाऱ्या कुणालाही नाही म्हणता येत नाही आणि त्या मूळ विम्यावर नफा काढता येत नाही. कमी कमाईच्या घराला हप्त्यासाठी सरकार मदत करतं. अमेरिकेने २०१० मध्ये कायदा केला, २०१४ पासून विमा नसणाऱ्याला दंड लावला. तो वर्षाला ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते, इथपर्यंत गेला. सरकार बदललं आणि २०१९ पासून केंद्राचा दंड शून्यावर आला. त्यानंतर बाजार कोसळेल असं अनेकांना वाटत होतं. तसं झालं नाही, कारण हप्त्याला मिळणारी सरकारी मदत चालू होती. दंडापेक्षा मदतीने माणसं जास्त धरून ठेवली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे सक्तीची चर्चा निघाली की सौद्याची एकच बाजू बोलली जाते. माणसाने घ्यावा. कंपनीने द्यावा का, यावर कुणी बोलत नाही. जेलरोडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, वय ५२, चार वर्षांपूर्वी एक स्टेंट पडलेली. सगळं खरं लिहून तीन कंपन्यांकडे अर्ज केला आणि तिन्हीकडून परत आला. वयाची ६५ ची अट विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून काढली, ते चांगलंच झालं, पण अर्ज घ्यायचा म्हणजे विमा द्यायचाच असं नाही. उद्या सक्तीचा कायदा झाला तर या गृहस्थांनी काय करायचं? विमा कुणी देत नाही म्हणून दंड भरायचा?

आता गाडीचं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो गाडीवाल्यासाठी नाहीच. तुमच्या गाडीने दुसऱ्याचा पाय मोडला तर त्याला भरपाई मिळावी म्हणून आहे. स्वतःच्या गाडीचा विमा आजही ऐच्छिकच आहे. शिवाय मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभं राहून बघा, किती दुचाकींचा विमा चालू असेल. शोरूममधून निघताना असतो, पुढे संपतो. ज्यांचा चालू असतो त्यांतले बरेच जण पोलिसाला दाखवण्यापुरता स्वस्तातला कागद घेतात. आरोग्याचंही तेच होईल. दंड चुकवायला लोक सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतील, आणि ती पॉलिसी खरी कशी असते हे ॲडमिट झाल्यावर कळेल.

कशी असते ते एका बिलावर दाखवते. आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून गोल केले आहेत, पण असं बिल मी शेकडो वेळा लोकांना समजावलं आहे. पॉलिसी पाच लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे पाच हजार. पेशंटला आठ हजारांची खोली मिळाली, कारण रात्री दोन वाजता तेवढीच रिकामी होती. पाच दिवस राहिला. एकूण बिल दोन लाख. त्यात खोली ४०,०००. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग ९६,०००. औषधं आणि तपासण्या ६४,०००. नातेवाईक म्हणतो, पाच लाखांचा विमा आहे, दोन लाख सहज निघतील. पण कंपनी काय करते? खोलीचे २५,००० धरते. खोली पाच-अष्टमांश धरली म्हणून डॉक्टर आणि थिएटरही पाच-अष्टमांशच, म्हणजे ९६ चे ६०. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, पण त्यातले हातमोजे, मास्क, सिरिंज वगैरे सात हजार वजा होतात, उरतात ५७,०००. मंजूर झाले १,४२,०००. खिशातून ५८,०००, आणि तेही डिस्चार्जच्या दिवशी, सामान बांधून झाल्यावर. नातेवाईकाला वाटतं खोलीच्या फरकाचे पंधरा हजार भरायचे. उरलेले कुठून आले हे समजावताना माझा अर्धा तास जायचा, आणि समोरच्या बाईच्या डोळ्यांत मीच चोर असायचे.

ही पॉलिसी आपखुशीने घेतलेली होती, एजंटने समजावून दिलेली. सक्तीची पॉलिसी तर वाचायचीही तसदी कुणी घेणार नाही.

आणि हॉस्पिटलची बाजू. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला शिकवलं गेलं की पेशंट आला की आधी विचारायचं, "मेडिक्लेम आहे का?" का विचारायचं, ते महिनाभरात कळलं. रोख भरणाऱ्याचं बिल आणि विमावाल्याचं बिल एकाच ऑपरेशनला वेगवेगळं निघायचं. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये बदल झाला, दरपत्रक दर्शनी भागात लावायचं ठरलं. लावायचं ठरलं, दर किती ठेवायचा ते मात्र ज्याचं त्याने. विमा नियामक कंपनीला एका तासात कॅशलेसचं उत्तर द्यायला लावू शकतो, फायनल मंजुरी तीन तासांत द्यायला लावू शकतो, २०२४ मध्ये त्याने ते केलंही. हॉस्पिटलच्या दरावर त्याचा हात चालत नाही. अशा बाजारात एका कायद्याने सगळ्या देशाच्या हातात विम्याचं कार्ड दिलं, तर "मेडिक्लेम आहे का?" हा प्रश्न विचारायचीही गरज उरणार नाही. बिल वाढेल, मग हप्ता वाढेल, आणि तो हप्ता भरणं कायद्याने बंधनकारक असेल. या एका कारणासाठी मी सक्तीच्या विरोधात आहे, बाकीची कारणं गळून पडली तरी.

सक्तीचा विमा कसा असतो, हे आपल्या जिल्ह्याने भोगून पाहिलेलं आहे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ मध्ये आली. पीककर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा होता. त्याआधीच्या योजनेतही तसंच होतं. माझे मामा निफाड तालुक्यात शेती करतात. खरिपाचं कर्ज उचललं की खात्यातून विम्याचा हप्ता परस्पर जायचा. मामांना कंपनीचं नाव माहीत नसायचं, पावती नसायची, पासबुकात एक ओळ असायची. एका वर्षी त्यांनी मका पेरला आणि कर्जाच्या कागदावर आदल्या वर्षीचं सोयाबीनच राहिलं. परतीच्या पावसाने मका गेला. विमा सोयाबीनचा. बँक म्हणाली कंपनीकडे जा, कंपनीचं ऑफिस तालुक्यात सापडेना. मामांनी तीन फेऱ्या मारल्या आणि नाद सोडला. २०२० च्या खरिपापासून केंद्राने ही सक्ती उठवली. त्यानंतर राज्याने २०२३ मध्ये दुसरं टोक गाठलं, एक रुपयात विमा. अर्जांचा पूर आला, बोगस अर्ज निघाले, २०२५ मध्ये तीही बंद झाली. मामांना विचारलं की विमा सक्तीचा असावा का, तर ते हप्त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. म्हणतात, "पैसे कापायला बँक घरी येते, द्यायला कुणीच सापडत नाही."

आता ज्यांना हप्ता परवडतच नाही त्यांच्याकडे येते, कारण नाशिक जिल्ह्यात ती माणसं मोजायला बसलात तर दिवस पुरणार नाही. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला येतात. ऑक्टोबर छाटणी, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं). २०१९ च्या जानेवारीत अशाच एका टोळीतली पेठकडची बाई पिकअपमधून पडली, मांडीचं हाड मोडलं. वय असेल पंचवीस. तिला आमच्याकडे आणलं, कारण महात्मा फुले योजना, म्हणजे रेशनकार्डावर फुकट उपचार देणारी राज्य सरकारची योजना, आमच्याकडे होती. नवऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून पिवळं रेशनकार्ड काढलं. कार्डावर सासू, सासरा, नवरा, दीर. हिचं नाव नाही. लग्नानंतर माहेरच्या कार्डावरून नाव कमी केलं होतं, सासरच्या कार्डावर चढवायचं राहून गेलं होतं. हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणारे आमचे आरोग्यमित्र फार भले गृहस्थ होते, त्यांनी फोन लावले, पेठच्या तहसील कचेरीत माणूस पाठवायला सांगितलं. नवरा दोन दिवस पेठला जाऊन बसला. कार्डावर नाव चढायला नऊ दिवस लागले. तेवढं थांबणं शक्यच नव्हतं, म्हणून ऑपरेशन पैसे भरून झालं. पैसे बागायतदाराने दिले, पुढच्या छाटणीच्या मजुरीपोटी. म्हणजे दोघं नवरा-बायको पुढचा सगळा हंगाम फुकट राबणार होती. ती कळवळत होती आणि नवरा मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "ताई, कार्ड तर आपलंच आहे ना?"

या कुटुंबाला पॉलिसी विकत घ्या म्हणून कायदा करायचा? त्यांना योजना होती, फुकट होती. एक नाव कार्डावर चढलं नव्हतं.

२०१२ मध्ये ही योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं आणि मर्यादा दीड लाख. जुलै २०२४ पासून ती पाच लाखांची झाली आणि पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड चालू लागलं. केंद्राने ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, श्रीमंत असोत की गरीब, आयुष्मान कार्ड दिलं. म्हणजे कागदावर महाराष्ट्रातलं जवळजवळ प्रत्येक घर आज विम्याखाली आहे, करातून भरलेल्या पैशाने आणि कुणावर सक्ती न करता. मग अडतं कुठे? कार्डावरच्या नावात अडतं. "योजनेचे बेड फुल आहेत" या वाक्यात अडतं, जे मी लोकांच्या तोंडून आजही ऐकते. योजनेने ठरवून दिलेला उपचाराचा दर परवडत नाही म्हणून मोठं हॉस्पिटल योजनेत येत नाही, तिथे अडतं. आणि साध्या दवाखान्याच्या फेऱ्या, रोजच्या गोळ्या कशातच बसत नाहीत, तिथे तर फारच. देशात आरोग्यावर होणाऱ्या खर्चातला थेट लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला. कमी झाला हे खरं, पण शंभरातले चाळीस अजून खिशातूनच जातात, आणि त्यात गोळ्या-औषधांचा भाग मोठा आहे. थायलंडने २००२ मध्ये करातून सगळ्यांचा उपचार सुरू केला तेव्हा त्यात ॲडमिट न होता घेतलेला उपचारही धरला, ऑपरेशन होईपर्यंत थांबा असं म्हटलं नाही. सुरगाण्याच्या माणसाला हृदयाचा डॉक्टर हवा तर नाशिकचं संदर्भ रुग्णालय गाठावं लागतं. कार्ड त्याच्या खिशात असून डॉक्टर सुरगाण्यात येत नाही.

आपल्याकडे आरोग्याची एक सक्ती मात्र १९४८ च्या कायद्याने आहे आणि ती मला पटते. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. तुमच्या शेजारच्या मोठ्या कंपन्यांत ते कापलं जातं, सातपूरचं कामगार विमा रुग्णालय त्याचंच. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. जेवढा पगार तेवढी वर्गणी, आजारी असो की धडधाकट, आणि कुणाला नाही म्हणता येत नाही. बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील आत. गोळ्या-औषधं आत. शिवाय आजारपणात घरी बसावं लागलं तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, जे कुठल्याही मेडिक्लेममध्ये नाही. सातपूरच्या रांगेबद्दल कामगार चिडून बोलतात आणि ते चुकीचं नाही, तिथे डॉक्टर आणि औषधं दोन्ही वाढायला हवीत. आणखी एक गोष्ट मला खुपते. पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० वरच आहे. पगार वाढून २१,५०० झाला की तो कामगार वर्गणीचा चालू काळ संपताच बाहेर पडतो, पगारवाढ मिळते आणि दवाखाना जातो. सरकारला सक्तीच वाढवायची असेल तर ही मर्यादा वाढवावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

तुमच्याकडे सात जण आहेत, दहाच्या खाली, म्हणून तुम्हाला आजवर कुणी विचारलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तिच्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या जागेलाही मालक आणि कामगारांच्या संमतीने ईएसआयमध्ये येता येतं. पगार सरासरी १५,००० धरला तर एका कामगाराचे साधारण ११३ रुपये, तुमचे ४८८. सात जणांचे तुमच्या खिशातून महिन्याला सुमारे ३,४०० रुपये. त्या एका अपेंडिक्सच्या चाळीस हजारांत सातही जणांची तुमच्या वाट्याची जवळजवळ वर्षभराची वर्गणी निघते. कामगारांना एकदा चहाला बसवून विचारा, आणि तुमचे पीएफचे सल्लागार असतील त्यांना नोंदणीचं बघायला सांगा.

घरचं वेगळं. तुम्ही, बायको आणि मुलं यांची एक फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी घ्या, खोलीभाड्याची मर्यादा नसलेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे जुनं कोटेशन हातात असेल तर नवीन मागवा. आईला त्या पॉलिसीत घालू नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, आईमुळे चौघांचा हप्ता चढेल. त्यांची वेगळी काढा आणि शुगर किती वर्षांची, गोळी कुठली, सगळं अर्जात लिहा. एजंट म्हणेल, लिहू नका, अर्ज अडकतो. अडकू द्या. लपवलेली शुगर पहिल्या पाच वर्षांत सापडली तर कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि ती सापडतेच, कारण ॲडमिट झाल्यावर डॉक्टर पहिल्या कागदावर लिहितात, "शुगर आठ वर्षांपासून."

आणि आजच संध्याकाळी घरचं रेशनकार्ड काढून बघा. लहान मुलाचं नाव चढलं आहे का, आधारवरचं स्पेलिंग जुळतं का. सातही कामगारांना आपापलं कार्ड घेऊन यायला सांगा. ज्याच्या बायकोचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असेल, त्याला एक दिवसाची भरपगारी सुट्टी द्या आणि तहसील कचेरीत पाठवा.